बूटपॉलिशचा बिबट्या

आमचे आजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते. त्यांनी मारलेल्या काळ्या बिबट्याचं कातडं रावपुऱ्यातल्या घरी बैठकीत टांगलेलं असायचं, अगदी सरकारी कागदपत्रांसकट. येईल त्याला बाबा ती शिकार तिखटमीठ लावून सांगायचे.

मी तेव्हा अकरा वर्षांचा, आणि जिभेला हाड कधी नव्हतंच. एका वैशाखात बाबांनी कातडं गच्चीवर ऊन दाखवायला पसरलं. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यावर ठिपके दिसले, साध्या बिबट्याला असतात तसेच. झालं, मी गच्चीवरून सगळ्या पोरांना ओरडून सांगितलं की आजोबांनी साध्याच बिबट्याला बूटपॉलिश फासलंय. बाबांनी थोबाडीत मारली. जन्मात तेवढी एकदाच. शेजारचे गुजराती काका महिनाभर विचारत होते, "केम भाई, पॉलिश थई गयुं?" झालं का पॉलिश, म्हणून. कातडं ट्रंकेत गेलं, आणि शिकारीची गोष्टही. आजोबा त्याआधीच गेले होते, त्यामुळे त्यांना थापाडे ठरवून मी मोकळा झालो.

परवा माझ्या मुलीने ती ट्रंक उघडली. ती फतेगंजला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. मी हसत हसत पॉलिशचा किस्सा सांगितला, तर तिने मलाच वेड्यात काढलं. काळा बिबट्या ही वेगळी जात नसतेच, म्हणाली. ठिपकेवाल्या आईला एकाच वेळी एक पिवळं आणि एक काळं पिल्लू होऊ शकतं. काळ्याच्या अंगात काळा रंग जास्त, एवढंच. ठिपके असतातच, फक्त उन्हात दिसतात. मग तिने ओलं फडकं कातड्यावर खसाखसा घासलं. फडकं पांढरंच राहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा आता शहाऐंशीचे आहेत. कातडं त्यांच्या मांडीवर ठेवून मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ते त्यावरून हात फिरवू लागले.

"तुझ्या आधी मीच पाहिले होते ते ठिपके," ते म्हणाले. "तुझ्याएवढा असताना. म्हणून तर तुला मारलं."

एवढी वर्षं त्यांनी वडिलांची बाजू घेतली होती, ती मनात शंका ठेवून.

संध्याकाळी त्यांनी नातीला जवळ बसवून शिकार सांगायला घेतली. त्यांच्या गोष्टीत पहिल्यांदाच ठिपके होते.