अर्ध्या तासाचे मालक

आमच्या कारखान्यात मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत झाडून सगळे नोकर होते. मालक एकच, माझ्या शेजारच्या मशीनवरचे आप्पा. कारेगावच्या माळावर तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. आम्ही पोरं बोनसवर, कॅन्टीनच्या पातळ आमटीवर, पंख्याखालच्या जागेवर तासन्‌तास भांडायचो. आप्पांना यातलं काहीच नको असे. कंपनीचे बूट त्यांनी देवाला वाहिल्यासारखे लॉकरात ठेवले होते. हेल्मेट मिळालं, तर त्यात कोकरांना पाणी पाजलं. साहेबांनी जाब विचारला तेव्हा शांतपणे म्हणाले, "कुणाचं तरी डोस्कं आत जातंय न्हवं? मग झालं तर."

त्यांना हवा असे फक्त जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास, तोही गेटाबाहेर. घराणं मेंढपाळाचं. भाऊबंद शेतीला लागले, पण म्हातारे वडील, आबा, पाच-सात मेंढरं घेऊन अजून माळावरच राहत. आप्पांचं बिऱ्हाड मुलांच्या शाळेपायी शिरूरला, आणि आबांना पत्र्याखाली झोप येत नसे. बायको गेल्यापासून त्यांना एकट्याने घासही उतरत नसे. म्हणून आप्पा रोज दुपारी डबा घेऊन कुंपणापलीकडच्या बाभळीखाली जात. भोंगा झाला की आमच्याआधी मेंढरंच गेटावर हजर! "रोज एवढं बोलता तरी काय?" असं मी एकदा विचारलं. आप्पा चकितच झाले. "बोलायचं कशाला? जेवतो की."

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नवं कॅन्टीन बांधलं, तिथे टीव्ही लावला, रोज काहीतरी गोड सुरू केलं आणि दुपारचं गेट बंद केलं. आम्ही जिलेबीवर तुटून पडलो. आप्पा केबिनमध्ये गेले. "साहेब, बोनस घ्या, बूट घ्या, समदं घ्या. माझा अर्धा तास तेवढा ऱ्हाऊ द्या." साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

मेंढरांना नियम कोण सांगणार? भोंगा झाला की ती यायची आणि मागोमाग आबा. बिहारी वॉचमन मायाळू, तो डबा बाहेर नेऊन द्यायचा. डबा तसाच परत यायचा. "बोलते हैं, बेटा आयेगा तब खायेंगे," तो खाली मान घालून सांगायचा. आप्पा शिरूरची संध्याकाळची बस सोडून माळावर जात, पण दिवसभर उपाशी राहिलेल्या म्हाताऱ्याला तोवर दोन घासही जात नसत.

त्या थंडीत आबा गेले. मला फार वाईट वाटलं, आणि साहेबांनाही वाटलं असणार, कारण तेराव्यानंतर आप्पा कामावर आले तेव्हा ते स्वतः मशीनपाशी आले. "आप्पा, उद्यापासून तुम्हाला गेट मोकळं."

आता आप्पा काही तरी जिव्हारी लागेलसं बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी चिंधीला हात पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. "मला नगं आता, साहेब. ह्याला द्या. ह्याची आय हितंच गावात हाय, एकलीच जेवती."

पहिल्या दुपारी मी दारात दिसलो, तर आई घाबरलीच. "नोकरी गेली का काय रं?"

मी रोज घरी जाऊ लागलो. आप्पा कॅन्टीनमध्ये टीव्हीकडे पाठ करून जेवत. मी परतलो की विचारत, "जेवली का रं?" मी हो म्हटलं, की मगच आपलं मशीन चालू करत.