निरंक खाडी

त्यांना सगळे शंकाकाकू म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. नाव कुणी पाडलं याबद्दलही त्यांना शंका होती, आणि ती धाकट्या जावेवर होती. कुणी साधं "कशा आहात?" विचारलं तरी काकू आधी त्याच्या हातांकडे बघत, कागद वगैरे आहे का म्हणून. भाजीवाल्याचा काटा त्या वाकून तपासत. डॉक्टरने दिलेली गोळी पहिल्या दिवशी अर्धीच घेत. नवरा होता तोवर त्याच्याशी भांडून का होईना, शंका मिटायच्या. तो गेल्यावर सगळ्या शंका कायमच्या काकूंकडे राहायला आल्या.

शंका नव्हती ती फक्त घरामागच्या खाडीबद्दल. ओहोटीला कोळंबी कुठल्या डबक्यात अडकते, खेकडा कुठल्या दगडाखाली दडतो, हे त्या डोळे मिटून सांगत. तीस वर्षं त्या आणि धाकटी जाऊ गुडघाभर चिखलात उभ्या राहून हातजाळं ओढत होत्या आणि त्यावर दोन घरं जेवत होती. काळुंदर माशाला काकूंकडे तीन नावं होती. बोटाएवढा असला की 'पोर', तळहाताएवढा झाला की 'काळुंदर', आणि अंड्यांनी पोट टम्म फुगलं की 'माहेरवाशीण'. पोराला आणि माहेरवाशिणीला जाळ्यातून सोडून द्यायचं, हा काकूंचा कायदा. जाऊ कधी कुरकुरली तर म्हणायच्या, "आपल्याकडे बाळंतपणाला आलीय ती. तिला तळणार होय गं?"

अशा या खाडीवर एके दिवशी पाहणीवाला आला. बूट हातात, पँट दुमडलेली, काखेत फाइल. म्हणाला, "काकू, मत्स्यसंपदेची पाहणी चाललीय. थोडी माहिती हवी होती."

संपदा हा शब्द ऐकला आणि काकूंचे कान टवकारले. त्या ज्याला मासे म्हणत होत्या त्याला हा माणूस संपदा म्हणतोय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. संपदा म्हटलं की ती न्यायला कुणीतरी येणारच.

"इथे कोणत्या प्रजाती मिळतात?"

"कसल्या?"

"कोणते मासे मिळतात?"

"काही नाही मिळत."

"बरं. मासेमारीचा प्रयत्न किती? म्हणजे रोज किती तास?"

"मिळतच नाही तर प्रयत्न कशाला करू?"

जाऊ मागे उभी राहून ओठ चावत होती. दोरीवर मासे वाळत होते, काकूंनी त्यावर घाईघाईने चादर टाकलेली. चादरीखालचा वास अंगणभर फिरत होता, त्याला काय करणार! पाहणीवाल्याने नाक जरासं वर केलं आणि विचारलं, "मग निरंक लिहू?"

"म्हणजे?"

"काहीच नाही, असं."

काकूंना शब्द फार आवडला. कडी लावून दार बंद केल्यासारखा. "लिहा निरंक," म्हणाल्या आणि खाली सही ठोकली. वर्षभरात तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा काकूंनी त्याला ताकास तूर लागू दिली नाही. तो गेला की जावेला म्हणत, "बघितलंस? असं वागावं लागतं."

मग गावातल्या पंपाजवळच्या फलकावर नोटीस लागली. जावेने ती मोठ्याने वाचली. सदर खाडीत मत्स्यसाठा निरंक असल्याने तेथे भराव टाकून गोदामांसाठी जागा करण्याचे योजिले आहे, हरकती पंधरा दिवसांत कळवाव्यात. वाचता वाचता ती थांबली.

"ताई, खाली तुमचाच जबाब जोडलाय. तिन्ही वेळचा."

काकूंच्या पायाखालची वाळू सरकली. न्यायला कुणीतरी येणार हा संशय खरा निघाला होता, पण दार त्यांनीच उघडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला हाताला लागेल ते बादलीत भरून काकू जावेसह कार्यालयात पोचल्या. शिपाई "बादली बाहेर ठेवा" म्हणाला, तर त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने दार उघडून धरलं. पाहणीवाला टेबलाशी बसला होता.

"तुम्हीच केलंत हे!" काकूंचा आवाज चढला.

त्याने फाइल उघडली आणि तिन्ही फॉर्म पुढे सरकवले. प्रत्येकाच्या शेवटी शेऱ्याची बारीक चौकट होती. काकूंना बारीक अक्षर दिसेना, म्हणून जाऊ वाचू लागली. पहिला शेरा: 'माहिती देणारीच्या हातांना खवले चिकटलेले.' दुसरा: 'चादरीखाली मासे वाळत आहेत.' तिसरा: 'माहिती शंकास्पद. फेरपाहणी करावी.'

"वरिष्ठांकडे फक्त निरंक पोचलं," तो म्हणाला. "शेरा कुणी वाचलाच नाही. आता तुम्ही स्वतः लिहून दिलंत की आधीची माहिती खोटी होती, तर माझा शेरा खरा धरावा लागेल. फेरपाहणी होईपर्यंत भराव टाकता येणार नाही."

"तुम्ही मला शंकास्पद लिहिलंत?"

"हो, काकू."

जावेला हसू आवरेना. काकूंना आधी राग आला, मग लाज वाटली. जन्मभर त्यांनी जगावर शंका घेतली, त्यांच्यावर पहिल्यांदा कुणी घेतली असेल तर ती याने, आणि तीच आता उपयोगी पडत होती. तरी पेन हातात घेतल्यावर मन मागे ओढू लागलंच. खोटं कबूल केलं म्हणून हाच माणूस उद्या आपल्याला अडकवणार नाही कशावरून? बादलीत काहीतरी फडफडलं. काकूंनी लिहिलं, 'मी तिन्ही वेळा खोटं बोलले. खाडीत मासे आहेत.'

त्याने कोरा फॉर्म घेतला. काकू एकेक मासा वर धरून नाव सांगत गेल्या. कोळंबी, निवटी, खेकडा, काळुंदर. शेवटचा उचलला आणि त्यांचा हात थांबला. पोट टम्म फुगलेलं. अंधुक उजेडात, घाईत, तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला उचलून आणलं होतं.

"ही कोणती?"

"माहेरवाशीण," काकू म्हणाल्या. "अंडी घालायला येते आमच्याकडे. दरवर्षी येते."

"प्रजननक्षम मादी," तो लिहू लागला.

"तसं नको. मी म्हटलं तसं लिहा."

त्याने तसं लिहिलं. काकूंनी जावेकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि बादली उचलून धावतच खाडी गाठली. मासा गवताशी सोडला. तो क्षणभर कलंडला, मग सावरला आणि आत गेला.

फेरपाहणी मंगळवारची ठरली. मंगळवारी काकू सकाळपासून दार सताड उघडं टाकून बसल्या होत्या. दोरीवरच्या माशांवर चादर नव्हती. दहा वाजले, साडेदहा झाले, रस्त्यावर कुणी दिसेना.

"अगं," काकू जावेला म्हणाल्या, "येईल ना गं तो?"