तांडेलबाईंचा वॉर्डातला वेळ

तांडेलबाई ग्रंथालयात सापडायच्या नाहीत. बोईसरच्या आमच्या रुग्णालयात त्या ग्रंथपाल, पण टेबलावर फक्त त्यांचं चष्म्याचं घर. बाई वॉर्डात. ग्रंथपाल दिवसभर करतात काय, हे व्यवस्थापनाने मोजायचं ठरवलं आणि घड्याळ देऊन मला, कार्यालयातल्या कारकुनाला, त्यांच्यामागे धाडलं. "या," त्या म्हणाल्या, "पन चपला बऱ्या घाला. माझ्यासंगं बसायला मिळनार नाय."

पहिल्याच दुपारी त्या डोंगराकडून आलेल्या एका बाईजवळ थांबल्या. तिच्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन होतं आणि संमतीचा कागद तिच्या हातात तसाच. तांडेलबाईंनी चित्रांचं पुस्तक उघडून कुठे कापणार, टाके कुठे येणार, सगळं बोटाने दाखवलं. "घाई नाय. समजलं नाय तं डॉक्टरला परत बोलवू." तिने तेच पुन्हा पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. माझं घड्याळ बघणं त्यांना खपलं नाही, तसं त्या तोंडावर म्हणाल्याही.

माझ्या तक्त्यात रकाने होते देवघेवीचे, नोंदणीचे, डॉक्टरांना संदर्भ देण्याचे. हा वेळ कुठेच बसेना, म्हणून मी तो 'इतर'मध्ये ढकलला. आठवड्याअखेर 'इतर' फुगून बसलं आणि साहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब म्हणाले, वॉर्डातला वेळ ही नोकरीबाहेरची, स्वेच्छेची सेवा होती, असं लिहून द्या, म्हणजे 'इतर' हिशोबातून जाईल आणि ग्रंथालय राहील. नाहीतर ग्रंथालयाची खोली विमा विभागाला. मी मनात म्हटलं, बाई, करा सही आणि सुटा.

"स्वेच्छेनं मी घरी एडवणला बोंबील सुकवते, साहेब," त्या म्हणाल्या. "हे काम हाय. आज मी दया म्हनून लिवलं, तं माझ्यामागून येनारीला तुमी ते करूच देनार नाय."

खोली गेली. बाईंना रुग्णनोंदणीच्या खिडकीवर बसवलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. इतकं ताठ राहून मिळवलं काय? त्या मात्र दुपारी खिडकी शेजारणीवर सोपवून पुस्तक काखेत घेऊन निघत. खुलासा मागितला की लिहीत, "वॉर्डात होते. कामावर होते." पगारवाढ अडली, तरी मजकूर बदलला नाही.

निवृत्तीच्या समारंभात साहेब भरभरून बोलले. बाईंची निःस्वार्थ सेवा, रुग्णांसाठी दिलेला स्वतःचा वेळ, वगैरे. तांडेलबाई मध्येच उठल्या.

"सेवा नाय, साहेब. काम. आनि वेळ दवाखान्याचा होता."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. मी वाजवल्या.