दह्यावर आळ

भुलीचे डॉक्टर बद्रीनाथ यांना औरंगाबादेत सगळे बद्रीसर म्हणत, आणि ते स्वतःला त्याहून जरा थोर समजत. सकाळी समर्थनगर, दुपारी बजाजनगर, मधे कुठं तरी दोन घास, असे स्कूटरवरून दवाखाने फिरायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त आपला डोळा कधी चुकत नाही, हा एक रोग त्यांना जडला होता, आणि त्यावर औषध नाही.

मी जाहेदा, लहान मुलांची सर्जन. ऑपरेशनच्या वेळी मुलाचे स्नायू ढिले पडावेत म्हणून बद्रीसर एक औषध देत. तोवर श्वास नळीतून चालतो. काम संपलं की ते औषध पुरतं उतरायला हवं, मगच नळी काढायची. मोठ्या माणसाला "मान उचला" म्हणता येतं. दीड वर्षाच्या पोराला काय म्हणणार, कपाळ? म्हणून मी भांडभांड भांडून दवाखान्याला एक यंत्र घ्यायला लावलं. मनगटाला दोन पट्ट्या चिकटवायच्या. यंत्र विजेचे बारीक चिमटे काढतं, अंगठा हलतो आणि किती ताकद परतली ते पडद्यावर आकड्यात दिसतं.

यंत्र आलं. सरांनी ते कपाटात ठेवलं. खंडेनवमीला बाहेर निघालं, हळदकुंकू झालं, झेंडूचं फूल वाहिलं, नारळ फोडला आणि परत कपाटात. दर वर्षी हेच. "अगं जाहेदा," ते म्हणायचे, "पोरगं पाय झाडतंय, छाती हलतेय, अजून काय पायजे तुला? मशीनच माझ्याकडून शिकेल." या अल्ला! माणसानं किती फुगावं?

मग नळी निघायची, आणि एखादं लेकरू बाहेर नेलं की घरघरायला लागायचं, ओठ निळे पडायचे. ऑक्सिजन लावता लावता आमची त्रेधा उडायची. सर मात्र व्हरांड्यात जाऊन त्या लेकराच्या आजीला गाठायचे. "काल दही चारलं होतं ना?" आता मराठवाड्यात कुठल्या आजीनं नातवाला दही चारलं नाही? ती बिचारी मान खाली घालायची. झालं, गुन्हेगार सापडला. "सर, दह्याचा काय संबंध?" म्हणून मी ओरडायचे, तर म्हणायचे, "कफ होतो. तू अजून लहान आहेस."

देवगाव रंगारीची म्हाळसाबाई अशीच त्यांच्या तावडीत सापडलेली. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली बाई. थोरल्या नातीला आमच्याकडं ऑपरेशनला आणलं होतं, तिची तीच गत झाली. पोरगी वाचली, पण म्हातारी हात जोडून सरांची माफी मागत राहिली. तीच पुढं धाकट्या नातवाला, बिरूला, हर्नियासाठी घेऊन आली. आणि नेमकं त्याच दिवशी, त्याच्या आधी, बद्रीसरांच्या स्वतःच्या नातीचं ऑपरेशन होतं.

"भूल मीच देणार," म्हणून सर हटून बसले. आत आले ते घामाघूम होऊनच. सिस्टर सगीराला हळूच म्हणाले, "ते मशीन काढ गं."

सगीरानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. यंत्र निघालं तर बॅटरी मेलेली, भोकांत कुंकू थापलेलं. देव धुवावेत तसं सरांनी स्वतः ते स्पिरिटनं पुसलं. नवी बॅटरी आली, यंत्र चालू झालं, ऑपरेशनही पार पडलं. उताऱ्याचं औषध दिल्यावर नात पाय झाडायला लागली, छाती हलायला लागली. सरांचा हात सवयीनं नळीकडं गेला आणि नजर पडद्याकडं. आकडा निम्म्यावर. हात तिथंच थांबला. दुसऱ्या दवाखान्यांचे फोन वाजत होते, आणि हा गृहस्थ नातीचा अंगठा धरून बसलेला! आकडा पुरता वर आल्यावरच नळी काढली. पोरीनं असा टाहो फोडला की विचारू नका. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मलाही भरून आलं.

मग बिरूला आत आणलं, आणि सर म्हणाले, "सगीरा, मशीन पुसून ठेव आता."

माझं डोकंच फिरलं. "सर, यंत्र कपाटात गेलं तर मी चाकू धरणार नाही. देवगावच्या पोराचा अंगठा काय लाकडाचा असतो?"

ते चिडले, धुसफुसले, पण पट्ट्या लावल्या. ऑपरेशन झालं. बिरूनंही पाय झाडले, छाती हलली. "झाला बघ हा," सर मला ऐकवायला म्हणाले. मी नुसतं पडद्याकडं बोट केलं. आकडा नातीच्या आकड्याहूनही खाली. सर स्टूल ओढून बसले. मग बिरूचा अंगठा हातात घेऊन तसेच बसून राहिले, कुणी न सांगता.

बिरू रडत बाहेर गेला, ओठ छान गुलाबी. सरांना बघून व्हरांड्यातली म्हाळसाबाई लगबगीनं उठली.

"साहेब, या खेपंला म्या काय बी चारलं नाय बरं. थोरलीच्या टायमापासनं घरात दहीच लावलं नाय. लेकरं लई मागत्यात, पर म्या देत नाय."

मी सरांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. आता बोला म्हटलं.

"दह्यानं काही होत नाही, आजी," ते म्हणाले. "लावा घरात दही."

"व्हय?" म्हातारी बघतच राहिली. "मंग तवा थोरलीला काय झालं व्हतं, साहेब?"