सांडलेलं पुसायचं की नळ बंद करायचा?

माझ्या थोरल्या नणंदबाई एका पेटंट वकिलांकडे तीस वर्षं टंकलेखिका होत्या. सकाळी उठल्या उठल्या त्यांना सलग अकरा शिंका यायच्या. मी मोजलेल्या आहेत.

एकदा एक संशोधक बाई नव्या औषधाचा अर्ज करायला आल्या. सहा वर्षांची मेहनत होती आणि अर्ज त्याच संध्याकाळी पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. वकील मजकूर सांगू लागले, "हे औषध शरीरातील शिंका आणणाऱ्या हिस्टामिनला अडवते."

नणंदबाईंचे हात थांबले. "अहो, अडवणारी गोळी मी रोज घेते. यात नवीन काय?"

"बाई, तुम्ही टाइप करा. शंका नंतर."

त्या सरळ संशोधक बाईंकडे वळल्या. "तुमचं औषध सांडलेलं पुसतं, की नळच बंद करतं?"

"नळच! शरीरात हिस्टामिन तयारच होऊ देत नाही."

"मग असं लिहिलं तर जुनंच म्हणून परत पाठवतील की!"

वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि सगळा मजकूर नव्याने सांगितला. अर्ज पाचला दहा मिनिटं असताना पोचला.

तीन वर्षांनी पेटंट मिळालं. संशोधक बाई स्वतः प्रत घेऊन घरी आल्या. त्यात नणंदबाईंचं नाव कुठेच नव्हतं, याचं मलाच वाईट वाटलं. त्यांनी मात्र पहिल्याच दाव्यावर, म्हणजे औषधाचं नवेपण सांगणाऱ्या वाक्यावर, बोट ठेवलं.

"वहिनी, 'तयार होऊ न देणारे' असं लिहिलंय ना, तिथे मी आहे," असं म्हणून त्या समाधानाने शिंकल्या.