हवामानाचा पेपर आणि आबांची मेंढरं

मंडळी, आज दुपारी टपालानं निकाल आला. वैमानिकाच्या परवान्याचा हवामानाचा पेपर मी पास झालो! पुण्यातल्या शिकवणीचे मास्तर म्हणाले होते, "वर्गात बसल्याशिवाय हे जमणं शक्य नाही."

मी शिकवणी न लावता गावी, पासलीतच पुस्तक घेऊन बसलो. डोंगरातल्या वाऱ्याचा धडा काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी वडिलांना, म्हणजे मेंढरं राखणाऱ्या आबांना, विचारलं.

त्यांनी चिमूटभर माती उधळली. "दिसा वारा डोंगर चढतो, रातच्याला गार हून उतरतो. म्हनून आपुन मेंढरं घळीच्या तोंडाशी बसवत न्हाई."

पेपरात नेमका तोच प्रश्न! आता सांगा, मी वर्गात बसलो नाही असं कोण म्हणेल?

निकाल ऐकून आबा म्हणाले, "मास्तरास्नी म्हनावं, आठ दिस या मेंढरं राखाया."