एकशे ऐंशीचा भाव

ते प्रकरण आजही माझ्या मनातून गेलेलं नाही. चोर सुटला म्हणून नव्हे. चोर नसलेला माणूस माझ्या हातून अडकता अडकता राहिला म्हणून.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. शेअरबाजाराचं माझं ज्ञान एवढंच, की टीव्हीवर हिरवं दिसलं की आमचे साडू खूश आणि लाल दिसलं की त्यांचा फोन बंद.

अमडापूरकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक अर्ज घेऊन आले. एका एजंटानं काही वर्षांपूर्वी त्यांना एका कंपनीचे वीस शेअर घेऊन दिले होते, नऊशे रुपयांना एक. आता मोबाईलवर जुना आलेख पाहिला, तर त्याच तारखेला भाव एकशे ऐंशी!

"पाचपट लावले साहेब त्यानं मले!"

मी स्वतः तारीख काढून पाहिली. एकशे ऐंशी. दुसऱ्या अ‍ॅपवरही तेच. दोन साक्षीदार, एकच जबाब. आणखी काय पाहिजे? आठवडी बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, एजंटाला दुकानातून जीपमध्ये घालून आणलं.

"हे पाहा बिल साहेब, नऊशेच हाय."

"बिल तूच छापलं असशील. मोबाईल काय खोटं बोलतो?"

"मले काहीच समजून नाही राह्यलं साहेब. पण त्या दिवशी नऊशेच होता. म्या सोता पाह्यला."

एवढं बोलून तो गप्प झाला. गप्प बसणारा माणूस दोषी असतो, असा माझा तेव्हा पक्का समज होता. टेबलावर त्याचा फोन सारखा वाजत होता. गिऱ्हाइकं कागद परत मागत होती. पाणी दिलं, तर अर्धं शर्टावर सांडलं. गुन्हा दाखल झाला असता तर त्याचा धंदा कायमचा बसला असता. लेखनिक कागद पुढे ओढून बसला होता आणि मला सांगवत नव्हतं, 'लिही.' खोटं बोलणारा दर वेळी थोडं वेगळं बोलतो. हा नऊशेवरून हलतच नव्हता.

तेवढ्यात आमच्या महिला हवालदार बोलल्या, "गुरुजी, आज तुमच्यापाशी शेअर किती हायेत?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

"वीस. तवाबी वीस, आताबी वीस."

"कागद?"

गुरुजींनी पुराव्यासाठी आणलेली कापडी पिशवी रिकामी केली. शेअरबद्दल टपालानं आलेली सगळी पाकिटं बंद.

"काऊन नाही उघडले?"

"यानंच सांगितलं होतं, जपून ठेवा. तीस वर्षं परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे सांभाळले म्या. सीलबंद म्हंजे सीलबंद!"

बाईंनी एकेक पाकीट फोडलं. एका पत्रात कंपनीनं कळवलं होतं, की एका शेअरचे पाच केले आहेत. पुढच्या पाकिटात खात्याचा उतारा: शंभर शेअर.

एजंटानं मान वर केली. "तुकडे झाले साहेब! म्हणून मागचे भावबी पाचानं भागून दाखवते मोबाईल, नऊशेचे एकशे ऐंशी. नाहीतर आलेखात एका दिवसात भाव कोसळल्यावानी दिसते."

"मग सकाळपासून बोलला काऊन नाहीस बे?" गुरुजींनी विचारलं.

"भेवानं डोकंच चाललं नाही साहेब."

मी लेखनिकापुढचा कागद काढून घेतला. गुरुजी एजंटापुढे हात जोडून उभे राहिले. त्याला दुकानावर सोडायला मी जीप काढायला सांगितली, तर तो म्हणाला, "नको. येताना साऱ्यायनं पाह्यलं. आता पायीच जातो."

मग मीही वर्दीत त्याच्यासोबत चालत गेलो. दुकानापुढे त्याच्या गिऱ्हाइकांपैकी तिघं उभे होते. मी मोठ्यानं सांगितलं, "याची काही चूक नाही. चूक माझी आहे." दोघं निघून गेले. तिसरा म्हणाला, "तुमचं बराबर हाय साहेब. पण माहे कागद तेवढे देऊन टाकाले सांगा."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी जुना आकडा समोर आला की आधी विचारायचो, हा त्या दिवशी लिहिला आहे की नंतर हिशोब करून बसवला आहे? आणि गप्प बसलेल्या माणसाला आधी चहा पाजायचो. जुने भाव मागे जाऊन आजशी जुळवता येतात. त्या दिवशी लोकांनी त्याला जीपमध्ये चढताना पाहिलं, ते मात्र मला कशानंच भागता आलं नाही.